एकच होम्स, दोन चेहरे : जेरेमी ब्रेट यांची कारकीर्द आणि पडद्यावर दिसलेला आजार

शेरलॉक होम्सच्या जुन्या इंग्रजी मालिकेचे तुकडे तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिले असतील. एका तुकड्यात होम्स सडपातळ, नाकेला, चित्त्यासारखा चपळ दिसतो. खुर्चीवरून उडी मारतो, जमिनीवर पालथा पडून पावलांचे ठसे बघतो. दुसऱ्या तुकड्यात तोच नट, तोच कोट, पण चेहरा सुजलेला, अंग जड, श्वास लागलेला. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "किती जाड झाला हा!"

या दोन चेहऱ्यांमध्ये साधारण दहा वर्षांचं अंतर आहे, आणि जाड होण्याचं कारण खाणंपिणं नव्हतं. हा नट म्हणजे जेरेमी ब्रेट. होम्सची भूमिका जगभरात शेकडो नटांनी केली, तरी मूळ कथांच्या सर्वांत जवळचा होम्स कुणाचा, असं विचारलं की जाणकार आजही पहिलं नाव त्यांचंच घेतात. त्यांची कारकीर्द कशी घडली, त्या शरीरात नेमकं काय चाललं होतं आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे सविस्तर पाहू.

घरचं आडनाव लावायचं नाही

ब्रेट यांचं खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म 3 नोव्हेंबर 1933, इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यातल्या बर्क्सवेल गावचा. वडील लष्करात अधिकारी. आईचं नातं कॅडबरी घराण्याशी, म्हणजे चॉकलेटवाल्या त्याच कॅडबरींशी. चार भावांत जेरेमी धाकटे. शिक्षण ईटनला, म्हणजे बड्या घरची मुलं जातात त्या शाळेत. पण अभ्यासात त्यांचं मन रमलं नाही. अक्षरं नीट लागायची नाहीत. ज्याला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो, तो प्रकार. गळा मात्र चांगला होता, त्यामुळे शाळेच्या गायकवृंदात जागा मिळाली.

दुसरी अडचण जिभेची. 'र' नीट उच्चारता येत नव्हता. किशोरवयात त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं उच्चारांचा रियाज. पुढे नाव झाल्यावरही ते रोज उच्चारांचे व्यायाम करायचे. होम्सच्या भूमिकेत त्यांचा प्रत्येक शब्द सुरीसारखा कापत जातो, त्याच्या मुळाशी हा जुना दोष आणि त्यावरची मेहनत आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना संधिवाताचा ताप आला, ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात. त्यातून ते बरे झाले, पण हृदयावर डाग राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

नट व्हायचं ठरवल्यावर वडिलांनी अट घातली की घराण्याचं आडनाव रंगमंचावर लावायचं नाही. पोटी नट जन्मला तर लोक काय म्हणतील, ही काळजी फक्त आपल्याकडेच होती असं नाही. मग या तरुणानं आपल्या पहिल्या सुटाच्या आतल्या लेबलवर शिंप्याच्या दुकानाचं 'ब्रेट' हे नाव पाहिलं आणि तेच उचललं, असं सांगितलं जातं.

रंगभूमीवरची तीस वर्षं

ब्रेट एकदम होम्स झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याआधी तीस वर्षांची उमेदवारी आहे.

लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये शिक्षण झालं. 1954 साली मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये व्यावसायिक सुरुवात. 1956 मध्ये ते लंडनच्या ओल्ड विक या मानाच्या नाटक कंपनीत आले आणि शेक्सपिअरची नाटकं करत अमेरिकेतही जाऊन आले. त्याच वर्षी 'वॉर अँड पीस' या चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या भावाची भूमिका मिळाली. 1961 मध्ये लंडनमध्ये हॅम्लेट साकारला.

1964 चा 'माय फेअर लेडी' हा चित्रपट मराठी वाचकांना ओळखीचा वाटेल, कारण तो ज्या बर्नार्ड शॉच्या नाटकावर आधारलेला आहे त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये 'ती फुलराणी' लिहिलं. त्या चित्रपटात नायिकेच्या घरासमोर रस्त्यावर घुटमळणारा प्रेमवेडा फ्रेडी म्हणजे ब्रेट. गंमत अशी की त्यांचा स्वतःचा आवाज गोड असूनही चित्रपटातलं त्यांचं गाणं दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहे.

1967 पासून काही वर्षं ते सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटर कंपनीत होते. तिथं सगळ्या भूमिका पुरुषांनीच करायच्या अशा 'अॅज यू लाइक इट'च्या प्रयोगात ते नायक ऑर्लँडो होते. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि ब्रेट बसानियो. इंगमार बर्गमन यांनी लंडनमध्ये बसवलेल्या 'हेडा गॅब्लर'मध्ये मॅगी स्मिथ यांच्यासोबत त्यांनी काम केलं. दूरचित्रवाणीवर 'थ्री मस्केटिअर्स'मधला दार्तान्या झाला, 1979 मध्ये 'रेबेका'मधला मॅक्स डी विंटर झाला.

आणि एक विशेष योगायोग. 1980 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये होम्सवरच्या एका नाटकात चार्लटन हेस्टन होम्स होते आणि ब्रेट चक्क डॉ. वॉटसन! होम्सकडे वॉटसनच्या नजरेनं आधी पाहिलेला असा नट विरळाच.

थोडक्यात, नाव होतं, काम होतं, पण 'ही भूमिका म्हणजे हाच नट' असं म्हणावं असं काही हाती लागलेलं नव्हतं. वय पन्नाशीला टेकलं होतं.

मँचेस्टरची कंपनी आणि 77 पानांची फाइल

ब्रिटनमध्ये त्या काळी बीबीसी लोकांच्या परवाना शुल्कावर चालायची, तर आयटीव्ही हे जाहिरातींवर चालणारं जाळं होतं. आयटीव्हीत प्रत्येक भागाची वेगळी कंपनी असायची. मँचेस्टर भागाची कंपनी म्हणजे ग्रॅनाडा. राजधानीबाहेरची असूनही मोठी स्वप्नं पाहणारी कंपनी होती ती. भारतातल्या ब्रिटिश राजवटीच्या अखेरीवरची, उदयपूरला चित्रित झालेली 'ज्युएल इन द क्राउन' ही गाजलेली मालिका त्यांचीच. ती 1984 च्या जानेवारीत दाखवली गेली आणि त्याच वर्षी 24 एप्रिलला होम्सचा पहिला भाग प्रसारित झाला.

निर्माते मायकेल कॉक्स यांची भूमिका स्पष्ट होती. आतापर्यंतच्या चित्रपटांनी होम्सची वाट लावली होती. वॉटसनला विदूषक करून ठेवलं होतं. आपण मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्याकडे परत जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी मंडळींनी 77 पानांची 'बेकर स्ट्रीट फाइल' तयार केली. होम्स काय खातो, पाइप कसा धरतो, कुठल्या कथेत कसा हसतो, घरातलं सामान कुठं असतं, अशा कथांमधून वेचलेल्या सगळ्या नोंदी तिच्यात. वाणिज्य शाखेच्या माणसाला ऑडिटची वर्किंग फाइल आठवावी, अशीच ही गोष्ट. मँचेस्टरच्या स्टुडिओत आख्खी बेकर स्ट्रीट उभारली गेली. 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेट यांनी काढलेली मूळ चित्रं समोर ठेवून काही दृश्यं हुबेहूब तशीच बसवली गेली.

ब्रेट स्वतः कथांचं पुस्तक हातात घेऊनच सेटवर यायचे. पटकथेत मूळ कथेपासून फारकत दिसली की वाद घालायचे. 'हे वाक्य डॉयलचं नाही' म्हणून अडून बसायचे. दिग्दर्शकांना याचा त्रास होत असणार, पण मालिकेचा दर्जा या हट्टामुळेच टिकला.

पहिल्या 13 भागांत वॉटसन होते डेव्हिड बर्क. कुटुंबाला वेळ देता यावा आणि पत्नीसोबत रंगभूमीवर काम करता यावं म्हणून त्यांनी मालिका सोडली. त्यांचा तेव्हा लहान असलेला मुलगा टॉम बर्क आज बीबीसीच्या 'स्ट्राइक' मालिकेत स्वतःच गुप्तहेर आहे. त्यांच्या जागी आले एडवर्ड हार्डविक. दोन्ही वॉटसन शहाणे, भारदस्त, विश्वासू. होम्स आणि वॉटसन यांची मैत्री खरी वाटते, हे या मालिकेचं दुसरं बळ.

आपल्याकडे होम्स जुना पाहुणा

होम्स मराठीला नवा नाही. पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेचे आधारस्तंभ भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या. म्हणजे मराठीतही होम्सला हात लावला तो एका नाटकवाल्यानंच. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि छोटू या जोडीवर होम्स-वॉटसनची सावली आहे, हे जुन्या वाचनालयांच्या सभासदांना सांगायला नको.

मूळ कथांमध्येही हिंदुस्थान जागोजागी आहे. डॉ. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून इकडे येतो तेव्हा पहिलं पाऊल मुंबईत टाकतो. 'साइन ऑफ फोर'चा खजिना आग्र्याच्या किल्ल्यातला आहे आणि गुन्ह्याचं मूळ 1857 च्या धामधुमीत. 'क्रुकेड मॅन'मधला वाकडा म्हातारासुद्धा त्याच बंडाच्या काळात दगा झालेला शिपाई. या कथांमधलं हिंदुस्थानचं चित्र साहेबाच्या चष्म्यातलं आहे, ते तसंच समजून वाचायला हवं. पण ग्वाल्हेर-आग्रा पट्ट्यातल्या वाचकाला आपलीच भूमी लंडनच्या गुन्ह्यात डोकावताना पाहायची असेल, तर ग्रॅनाडाने 1987 मध्ये केलेला 'साइन ऑफ फोर' जरूर पाहावा.

1985 : घाव बसला

1976 च्या सुमारास ब्रेट यांनी जोन विल्सन यांच्याशी लग्न केलं. पहिलं लग्न अभिनेत्री अॅना मॅसी यांच्याशी झालं होतं. ते टिकलं नाही. त्यातून एक मुलगा होता. जोन अमेरिकन होत्या. बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दर्जेदार ब्रिटिश मालिका अमेरिकन प्रेक्षकांपर्यंत पोचवणाऱ्या निर्मात्या म्हणून त्यांचं नाव होतं.

होम्सची पहिली मालिका गाजत असतानाच जोन यांना कर्करोग झाला. जुलै 1985 मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात कोसळतो तो भाग प्रेक्षकांनी पाहिला.

त्यानंतर ब्रेट कामावर परतले. ठरलेले भाग पूर्ण केले. आपल्या रंगभूमीला ही गोष्ट नवीन नाही. 1911 मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते मंचावर उभे राहिले, ही हकिकत आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगत आलो आहोत. अशा निष्ठेपुढे मान झुकते, हे खरंच. पण त्या निष्ठेची किंमत नंतर कोण आणि कशी भरतं, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. ब्रेट यांच्या बाबतीत तो हिशेब लवकरच समोर आला. 1986 मध्ये ते पूर्ण कोसळले आणि त्यांना मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं.

निदान झालं मॅनिक डिप्रेशन. आज त्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात.

हा आजार म्हणजे काय?

आज आनंद, उद्या दुःख, हे तर सगळ्यांचंच असतं. त्याला बायपोलर म्हणत नाहीत. या आजारात मनाची पातळी दोन टोकांना जाते आणि तिथं दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे अडकून राहते. एका टोकाला उन्माद. झोपेची गरज वाटत नाही, विचार धावतात, बोलणं थांबत नाही, माणूस पैसा उधळतो, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य. अंथरुणातून उठवत नाही, जगणं नकोसं होतं.

आजार रातोरात जडत नाही. त्याची घडण मेंदूत आणि बऱ्याचदा अनुवंशिकतेत असते. मोठा आघात, जागरण, ताण ही त्याला पेटवणारी काडी. पत्नीचा मृत्यू, एकटेपणा आणि दिवसाचे बारा-चौदा तास कॅमेऱ्यासमोर होम्स होऊन वावरणं. ब्रेट यांच्या बाबतीत सगळंच एकत्र आलं.

होम्सचा स्वभावही याला पोषक नव्हता. हा एकलकोंडा माणूस. काम असलं की झोप-जेवण विसरतो, काम नसलं की काळवंडून सोफ्यावर पडून राहतो. त्याला आतून समजून घेण्यासाठी ब्रेट यांनी त्याचं एक बालपण मनाशी रचलं होतं, ज्यात आई दूरची, वडील दूरचे आणि माया कुठंच नाही. होम्स म्हणजे आपल्यासाठी चंद्राची काळोखी बाजू, अशा अर्थाचं ते बोलत. एक काळ असा आला की त्याचं नावही ते घेत नसत. 'तो, तुम्हाला ठाऊकच आहे' असं म्हणत. आपल्याकडे साप म्हणायचं नसतं तेव्हा 'लांबडं' म्हणतात, तसंच काहीसं.

भूमिकेमुळे आजार झाला, असं मात्र म्हणता येणार नाही. तसं लिहिणं सोपं आहे, आकर्षकही आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

लिथियम : तारणारं आणि तोलून घ्यायचं औषध

उपचारात त्यांना लिथियम दिलं गेलं. हा एक साधा क्षार आहे. 1949 मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे दाखवलं. बायपोलरवर आजही ते महत्त्वाचं औषध मानलं जातं. आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. भारतात ते जुन्या, स्वस्त औषधांपैकी एक असून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

पण याची मात्रा तोलून द्यावी लागते. रक्तात प्रमाण साधारण 0.6 ते 1 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. कमी पडलं तर उपयोग नाही, दीडच्या वर गेलं तर विषबाधेचा धोका. म्हणून ठरावीक मुदतीनं रक्त तपासायचं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवायचं. वजन वाढणं, अंगावर सूज, हात थरथरणं हे त्रास काहींना होतात. कडक उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या, डॉक्टरांना न विचारता काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, की रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

ब्रेट यांच्या बाबतीत गणित आणखी अवघड होतं. लहानपणीच्या तापानं कमकुवत झालेलं हृदय, त्यात प्रचंड धूम्रपान, शिवाय औषधांचा परिणाम. शरीरात पाणी साठू लागलं. धावणारा, उड्या मारणारा होम्स हळूहळू खुर्चीत बसून राहू लागला. मोबाइलवरच्या त्या दुसऱ्या तुकड्यातला सुजलेला चेहरा तो हाच.

तरीही काम

आजारानंतरही ब्रेट यांनी आणखी आठ वर्षं होम्स केला. 1988 मध्ये 'द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स' हे दोन पात्रांचं नाटक हार्डविक यांच्यासोबत लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये आलं आणि सुमारे वर्षभर चाललं. त्याच वर्षीच्या 'डेव्हिल्स फूट' या भागात होम्स आपली कोकेनची सुई समुद्रकिनारी वाळूत पुरतो, असं एक दृश्य आहे. मूळ कथेत ते नाही. मूळ मजकुरासाठी भांडणारा हा नट इथं मात्र बदलाच्या बाजूनं उभा राहिला, कारण लहान मुलं मालिका पाहतात हे त्यांना कळलं होतं. डॉयल यांच्या कन्या डेम जीन यांची संमती घेऊनच हा बदल झाला.

1990 नंतर बाजाराचा दबाव वाढला. दोन-दोन तासांच्या 'इन्स्पेक्टर मोर्स'ला प्रेक्षक भरभरून मिळत होते, म्हणून होम्सही दोन तासांचा करा, असं ठरलं. छोट्या कथा ताणल्या गेल्या. 1993 चे असे दोन भाग मूळ कथेपासून इतके भरकटले की चाहतेही नाराज झाले आणि ब्रेटही.

1994 मध्ये शेवटच्या सहा भागांसाठी पुन्हा एक तासाचा साचा आला. तोवर तब्येत पार ढासळली होती. 'मॅझरिन स्टोन'च्या वेळी ते रुग्णालयात होते, त्यामुळे तपास होम्सच्या भावाकडे, मायक्रॉफ्टकडे सोपवावा लागला. 11 एप्रिल 1994 ला शेवटचा भाग प्रसारित झाला. एकूण 41 भाग, त्यातले 36 तासाभराचे आणि 5 चित्रपटाच्या लांबीचे. डॉयल यांच्या 56 लघुकथा आणि 4 कादंबऱ्या मिळून 60 होतात. सगळ्या पूर्ण करायच्या, ही ब्रेट यांची इच्छा अपुरी राहिली.

12 सप्टेंबर 1995 ला लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या घरी हृदय बंद पडून त्यांचं निधन झालं. वय 61.

बातमी कुणाची, आजार कुणाचा?

ब्रेट रुग्णालयात असताना ब्रिटनच्या सनसनाटी वर्तमानपत्रांनी त्यांचा पिच्छा पुरवला. नाही नाही ते आजार त्यांच्या नावावर छापले गेले. शेवटी त्यांनीच पुढं येऊन आपल्या आजाराबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. 1990 च्या दशकात एखाद्या नामांकित नटानं 'मला मानसिक आजार आहे' असं म्हणणं सोपं नव्हतं. काम मिळणं बंद होऊ शकत होतं.

बातमीदारीच्या धंद्यात असल्यामुळे मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या सीमाभागातल्या गावांत कलावंत आजारी पडला की 'दारू नडली', 'डोक्यावर परिणाम झाला' असे शेरे चहाच्या टपरीवर फिरायला लागतात आणि तिथून ते व्हॉट्सॅपवर जातात. साखर वाढली तर आपण सांगतो, मन आजारी पडलं तर लपवतो. लपवल्यामुळे उपचाराला उशीर होतो. नुकसान घरच्यांचंच.

आपल्या वाचकांसाठी कामाच्या गोष्टी

एक. लहान मुलाचा घसा दुखून ताप आला आणि काही दिवसांनी सांधे सुजले, तर हयगय करू नका. घशातल्या जंतूंवर वेळीच उपचार झाले नाहीत तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही.

दोन. मानसिक आजारावरची औषधं 'आता बरं वाटतंय' म्हणून स्वतःहून बंद करू नका. ब्रेट यांची सूज पाहून लिथियमला घाबरू नका. त्यांचं हृदय आधीपासून दुबळं होतं. शंका डॉक्टरांना विचारा.

तीन. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते. मराठी, कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू अशा अनेक भाषांत बोलता येतं. राज्याची हद्द आड येत नाही.

चार. सरकारी उपचार जवळ आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी धारवाडची डिमहान्स ही संस्था, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, हैदराबादला एर्रागड्ड्याचं रुग्णालय, वडोदऱ्यात कारेलीबागेतलं, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, इंदूरला बाणगंगेचं रुग्णालय. पत्ता आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा आधी विचारून मगच निघा.

पाच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं स्थान द्यावं लागतं. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना हे कलम एजंटला स्पष्ट विचारा. प्रतीक्षा कालावधी किती, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च मिळतो की नाही, हे कागदावर वाचा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

ब्रेट यांचा होम्स पहिल्यांदाच पाहणार असाल तर 1984 च्या भागांपासून सुरुवात करा. तिथला तो तरतरीत माणूस मनसोक्त पाहा. मग 1994 चे भाग लावा. पाय उचलत नाहीत, श्वास पुरत नाही, पण वाक्य आलं की शब्द तसाच धारदार, डोळे तसेच जागे. त्या माणसानं हे काम किती ओझं वाहत केलं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.